शनिवारच्या खेळात कावळा घ्यायचा का?

पत्राचा गोषवारा: पुण्यातले एक वाचक, वय 34. 2020 च्या लॉकडाऊनपासून कॉलेजच्या मित्रमैत्रिणींसाठी ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ऑनलाइन चालवतात. या खेळात प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर होतो आणि फासे टाकत सगळे मिळून एक गोष्ट खेळतात; ती चालवणारा तो डीएम, म्हणजे इथं आपले वाचक. दर शनिवारी रात्री साडेनऊला पाच खेळाडू जमतात: दोघं पुण्यातले, एक मैत्रीण नाशिकची, एक मित्र डब्लिनला, एक टोरांटोला. खेळाची पुस्तकं डिजिटल रूपात विकणाऱ्या ‘डी अँड डी बियॉन्ड’ या प्लॅटफॉर्मवर वाचकांनी पदरमोड करून जवळजवळ सगळी अधिकृत पुस्तकं घेतली आहेत आणि मास्टर टियरची वर्गणी भरून ती सगळ्यांना वापरायला दिली आहेत. पहिल्या दिवसापासून नियम एकच: फक्त ऑफिशियल. आता खेळाच्या 2024 च्या सुधारित नियमांवर नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक शनिवार चालणारी नवी मोहीम, सुरू होतंय. डब्लिनच्या मित्रानं त्याच प्लॅटफॉर्मच्या दुकानातून ‘हम्बलवुड’ हे थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या प्रकाशकाचं, पुस्तक स्वतःच्या पैशानं घेतलं. त्यातला कॉर्व्हम, म्हणजे माणसासारखा चालणारा-बोलणारा कावळा, त्याला खेळायचाय. नाशिकच्या मैत्रिणीला ‘ब्लड हंटर’ हा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, हवाय. वाचकांनी दोघांनाही नाही म्हटलं. मैत्रीण गप्प बसली. मित्र म्हणाला, “त्याच दुकानातून, त्याच कार्डावर घेतलंय, मग ते परकं कसं?” गेले दोन शनिवार तो आलेला नाही. वाचक विचारतात: एकदा दार उघडलं की थांबायचं कुठं? कॅरेक्टर्सच्या ताकदीचा बॅलन्स बिघडला तर? आणि पाच वर्षं ज्यांना नाही म्हटलं त्यांना काय सांगायचं?

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हे, की पाच वर्षं दर शनिवारी पाच जणांना एका वेळी एका जागी बसवणं सोपं नाही. नोकऱ्या बदलल्या असतील, कुणाचं लग्न झालं असेल, कुणाच्या घरी बाळ आलं असेल. तरी खेळ चालू राहिला, तो तुमच्यामुळे. आणि ‘फक्त ऑफिशियल’ हा नियम त्या काळात योग्यच होता. सगळे नवे, सगळ्यांना नियम एकदमच शिकायचे, त्यात प्रत्येकानं इंटरनेटवरून एकेक क्लास उचलून आणला असता तर तिसऱ्या शनिवारी कुणी आलंच नसतं. तेव्हा चुकलात असं मनात आणू नका.

पण तो नियम ज्या शब्दावर उभा आहे त्या शब्दाकडे जरा जवळून बघूया. ऑफिशियल म्हणजे नेमकं काय?

मॅथ्यू मर्सर यांनी रचलेलं एक जग आहे, एक्झांड्रिया. त्या जगातल्या एका खंडाचं पुस्तक, ‘एक्सप्लोरर्स गाइड टु वाइल्डमाउंट’, 2020 साली खेळाच्या आजच्या मालक कंपनीनं, विझर्ड्स ऑफ द कोस्टनं, छापलं. ते ऑफिशियल. त्याच जगातल्या दुसऱ्या खंडाचं, त्याच लेखकाचं ‘टाल्डोरेई कॅम्पेन सेटिंग रीबॉर्न’ 2022 मध्ये डॅरिंग्टन प्रेसनं काढलं. ते थर्ड पार्टी. दोन्ही आज ‘बियॉन्ड’वर मिळतात. तुमच्या नियमानं पहिलं आत येतं आणि दुसरं उंबऱ्याबाहेर राहतं. लेखक तोच, जग तेच, वेगळं फक्त मुखपृष्ठावरचं प्रकाशकाचं नाव.

आणखी एक. पाचव्या आवृत्तीची पहिली मोठी अधिकृत मोहीम ‘होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन’, 2014 ची. तुमच्याकडे ती असणारच. ती विझर्ड्ससाठी लिहून दिली कोबोल्ड प्रेसनं. त्याच कोबोल्ड प्रेसचं ‘टोम ऑफ बीस्ट्स’ मात्र थर्ड पार्टीच्या कप्प्यात बसतं. आणि ही ये-जा आजची नाही. खेळ आला 1974 मध्ये, आणि 1976 मध्येच जजेस गिल्ड या बाहेरच्या मंडळींनी मूळ कंपनी टीएसआरकडून परवाना घेऊन खेळासाठी साहित्य छापायला सुरुवात केली होती. म्हणजे या खेळाचं तिसरं वर्ष संपायच्या आत दुसऱ्या घरचा स्वयंपाक पंक्तीत वाढला जात होता.

सांगायचं एवढंच, की ऑफिशियल हा शब्द नाव कुणाचं आणि जबाबदारी कुणाची ते सांगतो. ती माहिती उपयोगाची आहेच. पण एखादी गोष्ट तुमच्या पाच जणांच्या टेबलावर नीट चालेल की नाही, हे त्या शब्दातून कळत नाही.

बॅलन्सचं म्हणाल तर माझ्याच टेबलावरचं सांगते. मी गेली आठ वर्षं खेळ चालवते आहे. मधल्या एका मोहिमेत मीसुद्धा तुमच्यासारखंच सांगितलं होतं, अधिकृत पुस्तकातलं काहीही घ्या, मला विचारायचीही गरज नाही. तिघांनी एकच जादू घेतली, पहिल्या लेव्हलची. समोरच्याचा फासा चांगला पडला की त्याला तो पुन्हा टाकायला लावायचा आणि दोन्हींतला वाईट आकडा धरायचा. एकाकडे असती तर मजा आली असती. शेवटच्या लढाईत मी खलनायकाचा फासा टाकला, अठरा पडले, आणि हेडफोनमध्ये तीन आवाज एकदम आले. पुन्हा टाकला. दुसऱ्या फेरीला परत तेच. दीड वर्ष रचलेला तो खलनायक धड एक वार न करता आडवा झाला. खेळाडूही गप्प झाले, जिंकूनसुद्धा. चूक माझी होती. पुस्तकावर अधिकृत शिक्का आहे म्हणून मी ती जादू वाचलीच नव्हती. पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं की ती एकाच कॅरेक्टरकडे राहील.

आता तुमच्या मित्राचा कावळा बघा. तुम्ही लिहिलंय, “उडणारं कॅरेक्टर पहिल्या लेव्हलला दिलं की सगळे खंदक, सगळे कडे, सगळे सापळे फुकट.” काळजी खरी आहे. पण हम्बलवुडमधली पक्षीमंडळी उडत नाहीत, तरंगतात. उंचावरून पडताना पंख पसरले की पडणं संथ होतं, लागत नाही, आणि एका दिशेला पुढे सरकता येतं. वर जाता येत नाही. जड चिलखत घातलं किंवा ढाल घेतली तर तेही नाही. पहिल्या लेव्हलपासून खरोखर उडणारा पक्षी हवा असेल तर तो अधिकृत पुस्तकात आहे: आराकोक्रा. 2015 मध्ये तो आला तेव्हा त्याचा उडण्याचा वेग 50 फूट होता, चालणाऱ्या माणसाहून जास्त. तुमच्या नियमानं मित्रानं उद्या आराकोक्रा मागितला असता तर तुम्हाला हो म्हणावं लागलं असतं.

मित्राची बाजू मात्र मी पूर्ण घेणार नाही. “त्याच दुकानातून घेतलंय” या युक्तिवादात तथ्य कमी आहे. प्लॅटफॉर्मच्या दुकानात एक पुस्तक दुसऱ्याशेजारी मांडलेलं असतं, शोधलं की दोन्ही एकाच यादीत येतात, क्लिक केलं की शीटवर, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीच्या पानावर, आपोआप आकडे भरले जातात. त्यामुळे वाटतं की हे सगळं एकाच साच्यातून निघालंय. पण दुकानदारानं माल फळीवर ठेवला म्हणजे तो तुमच्या घरच्या जेवणात चालेल असं तो सांगत नसतो. शिवाय बाहेरची बरीच पुस्तकं खेळाच्या 2014 च्या जुन्या नियमांवर बेतलेली आहेत आणि तुम्ही सुरू करताय 2024 चं. तिथं थोडं शिवणकाम करावंच लागतं. त्याबद्दल पुढे सांगते.

मला जाणवलं ते असं, की तुम्ही दोघंही दुकानाकडेच बोट दाखवताय. तुम्ही म्हणताय, दुकानानं ऑफिशियल म्हटलेलं नाही म्हणून नाही. तो म्हणतोय, दुकानानं विकलंय म्हणून हो. आणि टेबल तर तुमचं सहा जणांचं आहे.

इथं थोडं नाजूक विचारते, राग मानू नका. पाच वर्षं ‘फक्त ऑफिशियल’ या नियमानं तुमचं आणखी एक काम केलं का? मित्राला नाही म्हणणं अवघड असतं. “मला तुझी कल्पना पटली नाही” हे तोंडावर सांगणं त्याहून अवघड. नियम पुढे केला की आपण त्यातून सुटतो, नकार आपला राहत नाही, कंपनीचा होतो. मी हे केलेलं आहे, म्हणून ओळखते. अडचण अशी की ज्याला नकार मिळतो त्याला तो तुमचाच वाटतो. आणि नियमाच्या मागे उभं राहिलं की कारण सांगावं लागत नाही, तसंच ऐकावंही लागत नाही.

मित्रानं काय मागितलं होतं? तुमच्याच पत्रात आहे, खालून चौथ्या ओळीत. त्याच्या कावळ्याचं घर शेणाचं होतं, पावसात वाहून गेलं, आणि तेव्हापासून तो गावोगाव लोकांची दारं वाजवत फिरतो. ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाला जेवताना कुणी ना कुणी सांगितलेली आहे. घरापासून हजारो मैलांवर बसलेल्या, आणि तुमच्याच शब्दांत ‘आठवड्यातून एकदाच मनसोक्त मराठी बोलणाऱ्या’ माणसाला ती गोष्ट खेळावीशी वाटली. तुमचं उत्तर होतं, “सोर्स चालणार नाही.” त्याला पुस्तकाचे पैसे गेल्याचं दुःख असेल असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, पैसे हे त्यातलं सगळ्यात छोटं आहे.

आता मार्ग. दार पूर्ण बंद ठेवता येतं, आणि त्यात गैर काही नाही. फक्त मग कारण तुमचं सांगा: “मला आठवड्यात तयारीला दोनच तास मिळतात, नवं पुस्तक वाचायला वेळ नाही.” हे ऐकून कुणी दुखावत नाही, उलट मदत करतं. दार सताड उघडं टाकणं मी सुचवणार नाही. तुम्ही दमाल आणि दोन महिन्यांत खेळ बंद पडेल.

तिसरा मार्ग: पुस्तकाला परवानगी द्यायची नाही, गोष्टीला द्यायची. ‘हम्बलवुड चालेल’ असं म्हणायचं नाही, ‘हा कावळा चालेल’ म्हणायचं. थांबायचं कुठं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथंच मिळतं. आख्खं पुस्तक आत आलं की त्याच्याबरोबर त्यातल्या सगळ्या जादू, सगळ्या वस्तू, सगळे सबक्लास (क्लासचे पोटप्रकार) येतात आणि कुणीतरी कधीतरी त्यातलं एखादं तुमच्या नकळत उचलतं. एक प्राणी आत आला तर दीड पान वाचावं लागतं. ‘बियॉन्ड’वर कॅम्पेनच्या पानावरून कुठली पुस्तकं वाटायची ते तुम्हाला ठरवता येतं, आणि कॅरेक्टर बनवताना सुरुवातीलाच कुठले स्रोत चालू ठेवायचे, होमब्रू, म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवलेलं, घ्यायचं की नाही, याचे खटके असतात. ते सगळे चालू ठेवून खेळाडूंना मोकळं सोडू नका. कॅरेक्टर तयार करताना एकत्र बसा, स्क्रीन शेअर करा, निवड झाली की नको ते खटके बंद करा.

कावळ्याचं शिवणकाम सोपं आहे. 2024 च्या नियमांत अंगच्या गुणांची वाढ बॅकग्राउंडमधून, म्हणजे कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यातून, मिळते, जुन्या पुस्तकांत ती वंशातून मिळायची. नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’नंच सांगून ठेवलंय की जुन्या पुस्तकातला वंश घेतला तर त्यातली वाढ सोडून द्यायची. तेवढं करा, नाहीतर वाढ दोनदा मिळेल आणि तुम्हाला वाटेल थर्ड पार्टीनं घोळ घातला. बाकीचं जसंच्या तसं चालेल.

ब्लड हंटर जरा जास्त वेळ मागेल. हा क्लासही मर्सर यांचाच, आणि ‘बियॉन्ड’वर फुकट उपलब्ध आहे, त्यामुळे मैत्रिणीला पैशाचा प्रश्न नाही. त्याचा गाभा असा की स्वतःचं रक्त खर्च करून ताकद मिळवायची. शस्त्रावर विधी करायचा, त्यासाठी एक फासा टाकून तेवढे हिट पॉइंट्स, म्हणजे जीव, आपले आपण घालवायचे, आणि मग त्या शस्त्राचा घाव तितक्याच मोठ्या फाशानं वाढतो. कागदावर भयंकर दिसतो. टेबलावर त्याची खरी अडचण उलटी असते, खेळणारा सारखा अर्धमेला असतो आणि पार्टीच्या क्लेरिकला, म्हणजे जखमा भरणाऱ्याला, दुसरं काही करता येत नाही. म्हणून मैत्रिणीच्या आधी, क्लेरिक खेळणाऱ्याला विचारा की तुला हे चालेल का. आणि हा क्लास 2014 च्या जमान्यातला, त्यामुळे 2024 मध्ये फायटर, रेंजर, पॅलडिन वगैरेंना मिळालेली ‘वेपन मास्टरी’, म्हणजे शस्त्राची जादा करामत, त्यात नाही. रेंजरला दोन शस्त्रांची मिळते, तेवढीच तिला द्या. नाही दिली तर दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हललाच तिला वाटायला लागेल की आपण मागे पडतोय. ‘परक्या’ क्लासला डीएमनं वर उचलावं लागतं असंही होतं, हे इथं दिसेल.

पुढे कुणी जुन्या पुस्तकातला सबक्लास आणलाच, तर हे बघा: 2014 मध्ये क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक यांना सबक्लास पहिल्याच लेव्हलला मिळायचा, ड्रुइड आणि विझर्डला दुसऱ्या. 2024 मध्ये सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला. जुनं काही आणलं तर त्यातलं पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचं सगळं तिसऱ्यावर ढकला. बॅलन्स बिघडल्याच्या बऱ्याच तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

खरा खेळ सुरू करण्याआधी एक शनिवार चाचणीला द्या. सगळ्यांची कॅरेक्टर्स पाचव्या लेव्हलची करा, गोष्ट वगैरे काही नको, दोन लढाया आणि एक अडचणीची जागा, कडा किंवा तटबंदी. कावळा तरंगतो म्हणजे नेमकं काय होतं, ते सगळ्यांना दिसेल. लढाई संपली की प्रत्येकाला एकच विचारा: तुझ्या पाळीची वाट बघताना कंटाळा आला का? बॅलन्स म्हणजे आकड्यांची बरोबरी असं आपण समजतो. माझ्या अनुभवात एकाच्या पाळीला इतरांचा फोन हातात गेला की समजावं, बॅलन्स गेला.

आणि मोकळेपणानं एक करार करा. तिसऱ्या सेशननंतर आपण पुन्हा बोलणार. काही जमत नसेल तर ते बदलू, आणि बदलताना खेळाडूचं काही जाणार नाही: लेव्हल तीच, नाव तेच, गोष्ट तीच. हे शब्द आधी बोललेले असले की नंतरचा बदल अपमान वाटत नाही.

ज्यांना पूर्वी नाही म्हटलं त्यांचं काय, असं तुम्ही विचारलंय. त्यांना विचारा. खरंच, एवढंच करा. ग्रुपवर लिहा, “2021 मध्ये मी कुणाकुणाला नाही म्हटलं होतं ते मला आठवतंय, तेव्हाचं कुणाला अजून हवं असेल तर सांगा.” बहुतेकांना आठवणार नाही. एखाद्याला आठवेल, आणि तुम्ही लक्षात ठेवलंत याचंच त्याला बरं वाटेल.

पैशाचं आणि प्लॅटफॉर्मचं थोडं. ते तुमच्याएवढंच, दुसऱ्या टेबलांवर बसून हे वाचणाऱ्यांसाठीही आहे.

तुम्ही वर्षानुवर्षं पुस्तकं घेतलीत, एकेक पुस्तक साधारण 30 डॉलरचं. वाचता येतात, शीटवर चालतात, पण कपाटातल्या पुस्तकासारखी ती तुमची नाहीत. अधिकृत म्हणजे कायमचं, असंही नाही. 2022 च्या मे महिन्यात ‘व्होलोज गाइड टु मॉन्स्टर्स’ आणि ‘मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज’ ही दोन अधिकृत पुस्तकं ‘बियॉन्ड’च्या दुकानातून विक्रीला बंद झाली. आधी घेतली होती त्यांच्याकडे राहिली, नव्यानं कुणाला मिळाली नाहीत. 2024 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं की जुन्या जादू आणि जादूच्या वस्तू शीटवर नव्या नियमांनुसार बदलल्या जातील, जुन्या हव्या असतील तर होमब्रूमध्ये स्वतः भरा. लोक इतके चिडले की काही दिवसांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्याआधी 2023 च्या जानेवारीत बाहेरच्या प्रकाशकांसाठीच्या खुल्या परवान्याचा, ओजीएलचा, नवा मसुदा फुटला. त्यात साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर 25 टक्के रॉयल्टी मागितली होती. खेळाडूंनी वर्गण्या बंद केल्या आणि 27 जानेवारीला कंपनीनं खेळाचे मूळ नियम, एसआरडी 5.1, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुले केले. ते आता परत घेता येत नाहीत. हम्बलवुडसारखी पुस्तकं लिहिणाऱ्या लहान प्रकाशकांच्या पायाखालची जमीन त्यामुळे टिकली.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमची खरेदी वाया गेलेली नाही, पाच वर्षांचे शनिवार त्यातूनच आलेत. फक्त प्रत्येक मोहीम सुरू होताना सगळ्यांच्या कॅरेक्टर शीटची पीडीएफ काढून ठेवत जा, आणि मोठ्या लेव्हलला पुन्हा. माझ्यावर एकदा अशी वेळ आली की शनिवारी रात्री नऊ वाजता एका प्लॅटफॉर्मचं अपडेट झालं आणि मी विकत घेतलेला नकाशांचा संच उघडेना. प्रिंट काढलेली पाच पानं होती म्हणून कॅमेऱ्यासमोर वहीवर नकाशा काढून खेळलो. फार चांगली रात्र झाली ती.

खेळाडूंनो, तुम्हालाही सांगते. आधी डीएमला विचारा, मग विकत घ्या. एका प्लॅटफॉर्मवर घेतलेलं पुस्तक सहसा दुसऱ्यावर उघडत नाही. ‘बियॉन्ड’वर घेतलं आणि तुमचं टेबल ‘रोल20’ किंवा ‘फाउंड्री’ या दुसऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर असेल तर ते तिथं चालेलच असं नाही. आपल्याकडून डॉलरमध्ये पैसे जातात, कार्ड वरून आपला आकार लावतं, आणि एकाच पुस्तकाचे दोनदा पैसे भरल्याची हळहळ फार दिवस राहते. बाहेरच्या प्रकाशकाची पीडीएफ घेतली असेल तर ती निदान डाउनलोड होऊन तुमच्याकडे राहते. तिच्यातला एखादा प्राणी किंवा वस्तू ‘बियॉन्ड’च्या होमब्रू साधनात हातानं भरता येते, सबक्लाससुद्धा. पूर्ण नवा क्लास मात्र तिथं बनवता येत नाही, हे आधी माहीत असू द्या. आणि भरलेलं आपल्या टेबलापुरतं ठेवा, सार्वजनिक करू नका. त्या दीड पानामागे कुणाचे तरी सहा महिने असतात. कुणीतरी फुकट उतरवून ठेवलेल्या फायली घेऊन येतं तेव्हा तर स्पष्ट नाही म्हणा. इथं कारण शोधायची गरज नाही.

खेळाडूंनी लिहिलेलं साहित्य विकणाऱ्या ‘डीएम्स गिल्ड’वरचा माल ऑफिशियल आणि थर्ड पार्टी यांच्या मधला आहे. तिथं विझर्ड्सच्या जगातली नावं आणि जागा वापरायची परवानगी असते, किमतीतला अर्धा वाटा लिहिणाऱ्याला मिळतो, आणि तिथं विकलेलं दुसरीकडे विकता येत नाही. दर्जा फार वरखाली आहे, पण एखाद्या अधिकृत मोहिमेत अडकलात तर कुणीतरी आधीच तिथं अडकून वाट काढून ठेवलेली असते. ज्यांना दर वर्षाची वर्गणी जड जाते त्यांनी ‘फाउंड्री’ बघावं. एकदाच पैसे, तेही फक्त चालवणाऱ्यानं भरायचे. आणि ज्यांना नियमांसाठी एक पैसाही खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाचे सगळे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर, प्रकाशक पायझोच्या संमतीनं, फुकट वाचता येतात.

आता तुमच्याकडे परत. ग्रुपवर नवीन नियमाची घोषणा करण्याआधी डब्लिनला फोन करा. मेसेज नको, फोन. शनिवारची वाट बघू नका, मधल्या वारी, तिकडची संध्याकाळ धरून. परवानगी देण्यासाठी म्हणून बोलू नका, नाहीतर ते मोठेपणा केल्यासारखं होईल. त्याला विचारा, कावळ्याचं नाव काय ठेवलंस. तो सांगेल, आणि मग थांबणार नाही. ऐकून घ्या. मग सांगा की मी ती दीड पानं वाचली, उडण्याचं मला वाटलं होतं तसं नाहीये, वाढीचं एवढं एक बदलावं लागेल, आणि येत्या शनिवारी चाचणी आहे. तुमच्या मास्टर टियरमधून त्याचं पुस्तक बाकीच्यांनाही वाचता येईल, ते त्यालाच सगळ्यांना दाखवू द्या. नाशिकच्या मैत्रिणीलाही त्याच आठवड्यात फोन करा. ती गप्प बसली म्हणजे तिला चाललं असं नाही.

आणि डीएम म्हणून एक सुचवते, पटलं तर घ्या. कॅम्पेनची सुरुवात खानावळीत करू नका. रात्र, मुसळधार पाऊस, चौघं एका घरात शेकत बसलेले, आणि दार वाजतं. दार उघडायचं की नाही ते तुम्ही सांगू नका. त्या चौघांना ठरवू द्या.